मंगळवार, दहाच्या आत

सहाशे शब्द द्यायचे असतात मंगळवारी, दहाच्या आत.
संपादकबाई म्हणतात, मासे लिही, हरणं लिही,
राजकारणाला आपल्याकडे वेगळा माणूस आहे.
बरं.

तर मासे.
स्मेल्ट आलेत. बोटाएवढे, हातात घेतले की
चिरलेल्या काकडीचा वास येणारे.
बर्फ फुटल्याफुटल्या सुपिरियर सरोवरातून
रात्रीचे ओढ्यात चढतात, प्रवाहाला तोंड देत.
यंदा अकरा दिवस लवकर.
हे मी वहीत लिहितो. पुढचं वाक्य लिहीत नाही.
वही वडिलांची; पहिल्या पानावर त्यांचं अक्षर:
बर्फ गेला, ९ मे. डावा बूट फाटला.

पुलाखाली कंबरभर पाण्यात आर्विड लांपिनेन,
जाळीचा दांडा छातीशी.
त्याच्या अंगणात पाटी आहे,
बाहेरून येणाऱ्यांना काय करावं याबद्दल.
माझ्या अंगणात पाटी नाही,
आणि नसणं हीही इथे आता पाटीच.
स्मेल्टसुद्धा बाहेरचेच. शंभरेक वर्षांमागे
कुणीतरी आणून सोडले; आता ते आले
की आम्ही म्हणतो, वसंत आला.
लांपिनेनचे आजोबाही बोटीतून आले, एका पेटीनिशी.
हे मी त्याला सांगत नाही. पाणी फार गार आहे.
नोव्हेंबरपासून आमचं बोलणं एवढंच:
धर.
धरली.
पुरे?
अजून एक बादली.

पलीकडच्या काठावर डेल्फीन कॅडॉट,
खिशात जमातीचं कार्ड. वनरक्षक बॅटरी मारतो,
ती कार्ड दाखवते, तो मान हलवतो,
करार कधीचा ते दोघांनाही पाठ.
तिची नात मासे मोजते ओजिब्वेत:
बेझिग, नीझ, निस्वी, नीविन...
दहाच्या पुढे शाळेतल्या भाषेत.
आजी थांबवत नाही. फक्त पुढचा मासा
जरा हळू टाकते.

काल रात्री अग्निशामक बंबाच्या शेडमध्ये सभा होती.
तांब्यासाठी ड्रिलिंग, ओढ्याच्या उगमापाशी.
कंपनीच्या माणसाच्या नकाशात
ओढा म्हणजे निळी रेघ, नाव नसलेली.
तीन विरुद्ध दोन.
तिसरा हात विल्मा कांगासचा, बेकरीवालीचा.
तिचा मुलगा डकोटात तेलावर गेलाय,
त्याची खोली ती अजून झाडते.
हात वर करून ती रडली, आणि हात वरच राहिला.
मी तिला दोष देऊ शकत नाही. देतो.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात;
पाण्याशीच वैर केलं तर काय,
त्याला आपल्याकडे म्हण नाही.

मी लिहिलं: जाळीची भोकं केवढी हवीत,
मासा अंगठ्याने कसा साफ करावा,
थर्मामीटर एकोणचाळीस दाखवतो, इथल्या मापात.
आणि शेवटी एक ओळ:
हा ओढा कुठून येतो, एकदा चालत जाऊन बघा.
बाईंनी ती ओळ दोनदा वाचली असणार.
फोन आला नाही. ओळ छापून आली,
तिच्या खाली ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात.

गुरुवारी दाराच्या मुठीला पिशवी.
आत स्मेल्ट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
वाटलं, माझंच पान असेल; असल्या विनोदावर
आर्विडचा जुना हक्क आहे.
पण पान जाहीर सूचनांचं निघालं:
ड्रिलिंगविरुद्ध हरकती, लेखी, चौदा तारखेपर्यंत.
तारखेभोवती पेन्सिलीने गोल.

गोल माझ्यासाठी, की आधी स्वतःसाठी काढलेला,
की हाताशी आलेला कुठलाही कागद,
विचारायला मी गेलो नाही.
त्याच्या अंगणात पाटी होती तिथेच, जरा कललेली,
पण वारंही सुटलं होतं.

कागद चुलीवरच्या दोरीला वाळत घातला.
बत्तीस मासे. सिंकपाशी उभा राहून
एकेकाच्या पोटात अंगठा घातला.
डोकी मागच्या कुंपणावर ठेवली;
कावळा आला, थोरला, जंगलातला,
तिसरं डोकं उचललं.
पहिली दोन का नको, कोण जाणे.
वहीत लिहिलं.