तात्पुरती ज्येष्ठता यादी

रात्री पावणेबाराला फोनवर यादी आली.
एकशे बेचाळीस पानं. प्रत्येक पानावर तिरकं, फिकट: तात्पुरती.
हरकतींसाठी एकवीस दिवस.
मी मुतग्याला, रजेवर,
पडवीत रताळ्यांची पोती, पोत्यांना अजून लाल माती,
आणि आपलं नाव शोधायला बोट किती खाली न्यावं लागतं
ते मोजत बसले.
काल चारशे अठरा होते.
आज: कडोलकर शर्वरी य., एक हजार एकशे त्रेसष्ट.

माझ्या वर, बरीच वर, कौजलगी महांतेश बी.
त्या कंपनीतला. विलीन झाल्यापासून
माझ्याच उजवीकडे बसतो, माझ्याच थर्मासमधला चहा पितो.

संघटनेच्या गटात पहाटेपर्यंत जाळ:
रुजू झाल्याची तारीख धरायची, की डाव्या खुर्चीची?
की प्रमाण लावायचं, तीन आमचे, दोन त्यांचे,
पत्ते पिसतात तसे?
काळ्या फिती लावायच्या,
की सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी पडायचं?
मीही एक वाक्य लिहिलं. खोडलं.
पुन्हा लिहून पाठवलं. ते इथे सांगत नाही.

सकाळी आत्या म्हणाली, नंबर कसला गं, रेशनचा?
समजावलं तर उठून आत गेली,
भाताच्या कणगीमागून एक फाइल आणली. अण्णांची.

अण्णा मोजणी खात्यात कारकून.
छप्पन्न साली ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री मुंबई राज्यात झोपले,
उठले ते म्हैसुरात.
टेबल तेच, शाईची दौत तीच,
फक्त चौतिसाचे दोनशे अकरा झाले.
त्यांच्या वर तुमकूरचे कोणी रंगप्पा.
मग अर्ज, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र.
साहेब म्हणायचे, नोडोण. बघू.
अण्णांना आलेला हा पहिला कन्नड शब्द,
निवृत्तीपर्यंत पुरला.
निकाल लागला त्यानंतर चार वर्षांनी, त्यांच्या बाजूनं:
बढती मानीव. रक्कम देय नाही.
मानीव. म्हणजे झाली असं मानायचं.
त्या दिवशी कुंद्याचा डबा घेऊन घरी आले ते रंगप्पाच, आत्या म्हणते,
तेही निवृत्त,
तेही तोवर कुठल्याशा दुसऱ्या यादीत
कुणाच्या तरी खाली गेलेले.

रविवारी सांबऱ्याहून पहाटेचं मुंबई.
ढकलगाडी लागेपर्यंत महांतेश गप्प. मग,
बघितलीत?
बघितली.
अकरा वर्षं मी उजवीकडेच बसलोय, मॅडम.
आमच्यांनी विमानंच घेतली नाहीत. त्यात माझं काय चुकलं?
काही नाही.
आमच्यांनी घेतली, मला सहाव्या वर्षी डावी मिळाली. त्यात माझं?
तो क्षणभर थांबला.
फ्लॅप्स, म्हणाला.
पाच, मी म्हटलं.
पाच, तो म्हणाला, हिरवा दिवा.

वरून सीमा दिसत नाही असं लोक फार प्रेमानं सांगतात.
दिसते.
कोगनोळीच्या नाक्याशी ट्रक मुंगीसारखे तुंबतात,
पुढे डांबराचा रंग बदलतो.
वाऱ्याला ठाऊक नसेल. ट्रकवाल्याला असतं.

चढ संपला. पट्ट्याचा दिवा विझवला. चहा ओतला, दोन कप.
आज विसावा दिवस.
मॅडम, तुमचा कर्मचारी क्रमांक सांगता?
हरकतीच्या फॉर्मात लागतो. कुणाविरुद्ध, त्या रकान्यात.
तू तर माझ्या वर आहेस!
आज आहे, म्हणाला. अंतिम यादी कुणी बघितलीय?

माझ्याही बॅगेत तोच फॉर्म होता,
तोच रकाना कोरा.
मी आकडे सांगितले, सावकाश, एकेक.
त्यानं ते, सवयीनं, परत वाचून दाखवले.
बरोबर, मी म्हटलं.
आता तुझा सांग.