एक्केचाळीस नंबर

विकर आणि विकार, एका कान्याचा फरक.
रेगे मॅडमच्या मराठी टिपणात टायपिस्टनं तो चुकून दिला
आणि 'यकृतातील विकर रोखणारी संयुगे'
एकदम औषधं झाली.
व्हाइटनर माझ्या हातात होता.
मी जरा थांबले.

परळ, चौथा मजला, रात्रीचे पावणेदोन.
सदतीस अंशांच्या कपाटात
एका जपानी माणसाच्या यकृतातली गाठ
अजून वाढते आहे.
त्याला परळ माहीत असायचं कारण नाही.
मला त्याचं वय माहीत आहे, सत्तावन्न.
नाव नाही.
दर दोन दिवसांनी मी त्याला गुलाबी पाणी पाजते,
पिवळट पडलं की समजायचं, संपत आलं.
माझ्या आत्याचा नातू इतकं वेळेवर खात नाही.

बारा आठे शहाण्णव खळगे.
वरच्या चार ओळी त्याच्या,
खालच्या चार निरोगी पेशींच्या,
आणि परवा दोन्हीकडे घातलेलं औषध,
म्हणजे अजून औषध नव्हे, नुसता नंबर.
एका विकराच्या खोबणीत जाऊन बसायचं,
शेजारच्या, तशाच तोंडवळ्याच्या, त्याच आडनावाच्या विकराला
धक्का लावायचा नाही,
एवढंच त्याचं काम.
चाळीत वाढलेल्याला हे किती अवघड ते सांगायला नको.

'निवडक', असं मॅडमनी लिहिलंय.
मला निवडणं ठाऊक आहे ते आईचं,
ताटात तांदूळ पसरून, खिडकीकडे तोंड करून.
खडा बोटाला आधी कळतो, डोळ्याला मागून.
एकदा घाईत तिनं खड्याबरोबर मूठभर तांदूळच फेकले
आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.

तीन वाजता पिवळं घातलं.
जिवंत पेशी पिवळ्याचं जांभळं करतात,
मेलेल्या काहीच करत नाहीत.
चार तास.

तौफिकनं थर्मासातला चहा ओतला.
त्याच्या चुलत्याचं भायखळ्याला मटणाचं दुकान.
म्हणाला, लोक काळीज म्हणतात
आणि हात छातीवर डावीकडे ठेवतात.
दुकानात या, कुठं असतं दाखवतो.
उजवीकडे, बरगड्यांखाली.
मग मी बसल्या बसल्या आठवत गेले:
काळीज तुटणं, काळजाला घरं पडणं,
काळजाचा तुकडा,
काळजी.
इतकी वर्षं सगळं भलत्याच पत्त्यावर.

सात वाजता वरच्या ओळी पिवळ्या.
तौफिकला हाक मारणार होते,
तेवढ्यात खालच्या दिसल्या.
त्याही.
काहीच न दिलेला कडेचा रकाना तेवढा जांभळा,
रुसल्यासारखा.

वहीत लिहिलं: ४१. दोन्हीकडे मारतं. निवडत नाही.
खाली तारीख, सही.
मॅडम आल्या की विचारतील, बेचाळीस कधी लावतेस?
बुधवारी.
टिपणातल्या त्या कान्यावर व्हाइटनर लावला,
फुंकर मारली, वाळेपर्यंत बघत राहिले.

रंग विरघळवताना उजवा मोजा कुठंतरी फाटला होता.
तोंडात लसणाची चव आली तेव्हा कळलं.
अंगठा घासून घासून धुतला.

घरी आईनं दार उघडलं,
पिशवी घेताना हात धरला, अंगठा उजेडात नेला.
जानेवारीत जांभळं कुठं मिळाली गं तुला?
परळला, म्हटलं.