दुसऱ्या गेटजवळ

इराण्णा म्हणाला, आधी रेफरन्स बघ की.
तीन रात्री नुसता खेळत बसलो.
एका गेममधलं धुकं घेतलं,
लांबचं काढायचा कंटाळा आला की बरं पडतं.
दुसऱ्यातला वळणावरचा दिवा :
खेळणारा न विचारता तिकडंच जातो.
फुटकी पिंपं कुठली आठवत नाही,
ती सगळ्यांचीच असतात.

गाव उभं राहिलं.
खरं ते कुठलंच नव्हतं.

मग आली नकाशाची कड.
कुणी तिथं समुद्र ठेवतं, कुणी डोंगर,
कुणी न दिसणारी भिंत,
माणूस येऊन थडकतो
आणि जागच्या जागी पळत राहतो.

कोगनोळीवरनं मी किती वेळा गेलोय.
खिडकीतली बाई शेंगा सोलत असते,
सोलतच राहते,
बाहेर पाट्यांवरची अक्षरं तेवढी
गोल होत जातात.

हे कुठल्याच गेममध्ये मिळेना.
दिवा काढला. धुकं काढलं.
कडेवर ती बाई बसवली.
टरफलं कुठल्या बाजूला पडणार
ते अजून ठरवलं नाही,
तिची भाषाही नाही.

इराण्णा विचारतो, ही काय सांगणार खेळणाऱ्याला?

बाहेर गेट पडलंय.
गाडी यायचीय.