दोन सेंटांचा लाल

सीडर रॅपिड्सला वारा गिरणीकडून आला
की अख्ख्या गल्लीला भाजक्या ओटचा वास यायचा.
त्या वासात, तळघरातल्या टेबलाशी,
लुडमिला ह्रुस्का माझी वाट बघत बसलेली असे.
तासाला तीन डॉलर, वर खसखस भरलेला एक कोलाच.
काम एवढंच : तिचे डोळे व्हायचं.

तिच्या नजरेत मधोमध एक डाग वाढत होता.
"कडेकडेचं सगळं दिसतं," ती म्हणे,
"ज्याच्याकडे बघावं, तेवढंच दिसत नाही."

पहिल्या दिवशी तिनं माझ्यापुढं
वीसेक वॉशिंग्टन मांडले.
सगळे लाल, सगळे दोन सेंटांचे,
सगळ्यांचं तोंड डावीकडे, ओठ मिटलेले.
मी म्हणालो, सारखेच तर आहेत.
ती हसली नाही.
"सारखं हा बघून कंटाळलेल्या माणसाचा शब्द.
भिंग घे. डावीकडच्या दोनावर रिबीन वळते,
त्या वळणात रेघा किती? एक की दोन?"

मला आधी रिबीनच सापडेना.
मग सापडली. मग वळण.
मग, श्वास धरल्यावर,
मुंगीच्या पायाएवढी एक रेघ.
पुढच्यात दोन.

त्या हिवाळ्यात मी खूप मोजलं.
दोन सेंटिमीटरांत दहा भोकं, अकरा, बारा;
साडेआठ भरली तर तिला हाक मारायची.
काळ्या बशीत तिकीट पालथं घालून
लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब,
की कागद ओला, राखाडी,
आणि त्याच्या आतून एखाद्या अक्षराचा पाय वर येई.
"एकेरी की दुहेरी?"
मी सांगेपर्यंत अक्षर उडून गेलेलं.
"पुन्हा," ती म्हणे. पुन्हा.
कित्येकदा आत काहीच नसायचं.
तेही वहीत लिहायचं : काही नाही.

एकदा एकाच चेहऱ्याची दोन तिकिटं निघाली,
एक अर्ध्या मिलिमीटरनं उंच.
"सपाट पत्र्यावर छापलं ते बुटकं.
पत्रा रुळाभोवती वाकवला की चित्र ताणतं."
मग स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून,
"मी वाकले ती बुटकीच झाले. पत्र्याचं बरं असतं."

फेब्रुवारीत ते पान आलं.
एमिलच्या हाताची चौकट, आत एकच तिकीट.
वर-खाली कडा सरळ, भोकं फक्त बाजूंना :
गुंडाळीतलं, दुर्मिळ.
"हे नको मोजूस," म्हणाली,
आणि कॉफी ठेवायला वर गेली.

मी मोजलं.
उंची कमी. खालची कड डावीकडे किंचित उतरती.
आणि एका कोपऱ्यात, नखाच्या कोरीएवढं,
कात्रीला न सापडलेलं
भोकाचं बूड.

जिन्यावर तिची पावलं. एक पायरी, थांबा, एक पायरी.
मी तेरा वर्षांचा होतो.
मी लिहिलं, ठीक.

"पेनचा आवाज आला. काय लिहिलंस?"
"ठीक."
बराच वेळ तिनं कप खाली ठेवला नाही.
"चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात एमिलनं
सहा आठवडे रात्रपाळ्या केल्या याच्यासाठी.
जानेवारीतच माझ्या लक्षात आलं. तेव्हा डोळे होते."
"मग? त्यांना सांगितलं?"
"सांगितलं ना. ठीक, म्हणून."

वरच्या खिडकीशी बर्फ घसरल्याचा आवाज झाला.
तिनं कोलाचची बशी माझ्याकडे सरकवली,
अंदाज चुकला, बशी वहीला अडली.

"आता ते खोड. कापलेलं आहे, असं लिही.
मी गेल्यावर हा अल्बम कुणीतरी घेईल,
त्याच्या रात्रपाळ्या फुकट जायला नकोत.
तिकीट मात्र आहे तिथंच राहू दे."

मी 'ठीक'वर रेघ ओढली.
एक.
मग, तिला ऐकू जाईल अशी,
दुसरी.