मोकळी जागा, मनोरी

बर्फाचा कारखाना गेला.
तीन दिवस जेसीबी चालला, चौथ्या दिवशी
आमच्या गल्लीतून पहिल्यांदाच सरळ समुद्र दिसला
आणि सगळ्यांना एकदम काहीतरी बोलावंसं वाटलं.

इनास म्हणतो, हॉटेल. पाच मजली, गच्चीवर पोहायचा तलाव.
(समुद्राला लागून तलाव कशाला, ते त्याला कुणी विचारलं नाही.)
रोझालिन म्हणते, दवाखाना,
तिनं कुणा साहेबाच्या मेव्हण्याच्या ड्रायव्हरकडून ऐकलंय.
तरीवर तिकिटं फाडणारा हरेश्वर शपथेवर सांगतो, पूल,
मार्व्याहून थेट, आणि खांब नेमका इथे.
पूल झाला तर पहिली नोकरी त्याचीच जाईल,
तरी सांगताना चेहरा असा उजळतो
की जणू नारळ त्याच्याच हातून फुटणार आहे.
मी सायकलींचे पंक्चर काढतो. मला वाटलं, पार्किंग.
माणूस आपल्या धंद्याएवढंच भविष्य बघतो.

भिंती गेल्या, पण जमिनीवर खोल्या अजून आहेत.
कॉम्प्रेसरचा चौथरा. वजनकाट्याचा खड्डा.
मुकादमाच्या मोरीच्या निळ्या लाद्या,
त्यातली एक आता माझ्या दुकानात आहे, हे कबूल करतो.
पोरं क्रिकेट खेळतात. मोरीत स्टंप,
चेंडू ऑफिसच्या उंबऱ्यापार गेला की दोन धावा.
माझ्या बापानं जिथे चोवीस वर्षं
वेगळ्या लाद्या फोडल्या, धूर निघणाऱ्या,
तिथे आता फर्नांडिसांचा धाकटा कॅच सोडत उभा असतो.
बापाची उजवी बोटं सुन्न होती.
भात किती गरम आहे ते तो डाव्या हातानं बघायचा
आणि मग उजव्यानं जेवायचा.

शुक्रवारी एक तरुण आला. पिवळी तिवई, डोक्यावर टोपी,
पायात असले बूट की वाळूला लाज वाटावी.
सगळ्यांना सोडून त्यानं मथाबायला गाठलं.
आजी, भरतीची रेषा कुठपर्यंत?
ती म्हणाली, कंच्या म्हयन्यानची?

मग उठली, टोपली बाजूला ठेवली आणि चालत गेली.
आता कार्तिकात इथे.
नारळी पुनवेला इथे, या दगडाला पाय धुते.
आषाढात अमावस्येला, चल, इकडे ये,
आणि वादळाच्या वर्षी
भिंतीवर होती, इतकी वर, म्हणत तिनं
आपल्या डोक्यावर वीतभर
हवेत बोट टेकवलं.
टेकवलंच. मी पाहिलं. भिंत नव्हती
आणि बोट हललं नाही.
त्यानं वहीत काय लिहिलं ते माहीत नाही.
वहीत एकाच आकड्याची जागा असते.

सोमवारी मथाबायनं मधोमध वलांडी रोवल्या
आणि बोंबील टांगले, जबडे एकमेकांत अडकवून.
कुणाला विचारलं नाही.
रोझालिन कुजबुजली, जागा अडवतेय म्हातारी,
उद्या भरपाई मागेल. मागेलही.
म्हणत म्हणत तिनंही संध्याकाळी जवळ्याची चादर पसरली.
इनासनं दोन खाटा आणल्या, हॉटेलची सुरुवात म्हणाला.
मी पंप आणि पाण्याची परात घेऊन गेलो,
उगाच. तिथे कुणाचीही सायकल नव्हती.

आज निळ्या पत्र्यांनी भरलेला एक ट्रक आलाय.
पत्रे उतरलेले नाहीत.
मथाबाय म्हणाली, माझा माल वाळू दे आधी,
आणि ड्रायव्हर खरंच थांबलाय, बशीतून चहा पितोय.
आम्ही सगळे त्याच्याभोवती. काय होणार इथे? कुणाचं काम?
बाबा रे, त्याला काही ठाऊक नाही,
त्याच्याकडे फक्त पत्ता आहे.
खिशातून घडी काढून त्यानं दाखवला.
मनोरी, समुद्राकडची बाजू,
बर्फाच्या कारखान्याजवळ.