वर म्हणजे कुठे

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वाय वर होता.
सोळा वर्षं.
हात आपोआप तिकडे जायचा,
अंधारात मोरीच्या बटणाकडे जातो तसा.

नव्यात झेड वर.
हे कुणी सांगितलं नाही.
सोमवारी फाइल आत ओढली, आणि
कळमसऱ्याची टाकी,
दीड लाख लिटर, बारा खांब,
पडद्यावर कुशीवर निजलेली,
दुपारी निंबाखाली म्हैस निजते तशी,
आणि गुरुत्वाकर्षण
तिच्या बरगड्यांवर पाय देऊन उभं.

नव्वद अंश फिरवली. उठली.

मग आकडे.
जुनं म्हणतं, तुळईत मोमेंट दोनशे बारा.
नवं म्हणतं, एकशे सत्त्याण्णव.
मधले पंधरा कुठे सांडले
ते शोधण्यात बुधवार गेला, गुरुवार गेला,
दोनदा लाइट गेली,
नेट गेलं तेव्हा लायसनही गेलं.
(जुनं कसं, विकत घेतलेलं.
शिंपी सरांनी पतपेढीचं कर्ज काढून आणलं होतं.
त्याची हिरवी डोंगल अजून
काडेपेटीत ठेवतो आम्ही, कापूस घालून.)

सापडलं शेवटी.
जुनं मोजत होतं खांबाच्या पोटात, अगदी मध्यावर.
नवं मोजतं खांबाच्या तोंडाशी.
न विचारता.
दोघंही खरं बोलत होती,
फक्त उभी वेगवेगळ्या जागी होती.

सरांना फोन केला.
त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागे काहीतरी खरडलं असणार,
पेनाचा आवाज येत होता.
म्हणाले, साधारण दोनशे.
आणि मग, जेवलीस का?

सळया दोन्हीकडून निघाल्या चारच.
वीस एमएमच्या.

साइटवर सुपडू मिस्तरी ओळंबा सोडून बसलेला.
चार दिवस उशीर का, विचारलं त्यानं.
मी वाय सांगितला, झेड सांगितला,
हवेत बोटं फिरवून दाखवली.
त्यानं ओळंब्याचं डुलणं थांबेपर्यंत वाट पाहिली.
"ताई, वजन ते खालेच जास.
तुना कॉम्प्युटरले ठाऊक नही का?"

ठाऊक आहे, दादा.
खाली कुठे, ते सांगावं लागतं.

परवा सरांचं जुनं मशीन बंद करायला गेले
आणि नाही केलं.
त्यात चौतीस टाक्या आहेत, तीन जिनिंगची छपरं,
एक शाळा, जिचा जिना मला अजून आवडत नाही.
सगळ्या वाय वर धरून उभ्या.
त्यांना आता कोण उठवणार.

रात्री गच्चीवर खाट टाकली.
अमळनेरात अकरा वाजताही भिंती तापलेल्या.
कुशीवर वळले तर
समोरची नगरपालिकेची टाकी
आडवी.
पाणी सांडत नव्हतं.
दिवा लागलेला होता वर,
म्हणजे डावीकडे.

थोडा वेळ तशीच पडून राहिले.
मग उठून बसले,
खात्री करायला.