लिटरला पंचवीस

सिलिंडर उचलला तर आत
कुणीतरी नखं ओढत खाली गेल्यासारखं.
पिस्टनचं अॅल्युमिनियम बोअरला धरलेलं,
बिडाच्या तव्याला घावन धरावं तसं.
प्लग कोरडा, पांढुरका.

हर्षाली मढवी स्टुलावर बसून,
डावा हात प्लास्टरात, उजव्यात बॅटरी.
"जेट बारीक पडला आसंल ना, मामा?"
असेल, मी म्हटलं.

पण मला वाचता येतं.
शाळा सातवीपर्यंत, पिस्टन बत्तीस वर्षं.
जेट बारीक पडला तर आधी टाळू जळते.
इथे टाळू शाबूत,
स्कर्ट चहूबाजूंनी सुका घासलेला,
आणि खाली, रॉडच्या मोठ्या डोळ्याला
निळी झाक चढलेली.
जो रंग धुरातून बाहेर यायचा
तो आतच राहिला होता.

त्या रविवारी तुर्भ्याच्या बंद खाणीत
कॅन मी भरला.
तेल मापात ओतलं आणि फोन वाजला,
कोपरखैरण्याचं गिऱ्हाईक : स्कूटर झाली का?
झाली, म्हटलं. झाली नव्हती.
माप टूलबॉक्सवर तसंच काठोकाठ.
संध्याकाळी आवराआवर करताना
त्यात एक मुंगळा तरंगत होता.

मधल्या वेळात, चौथ्या फेरीला,
उतारावर मागचं चाक जागच्या जागी थांबलं
आणि पोरगी थांबली नाही.

फोर-स्ट्रोकला पोटाखाली तेलाचा साठा असतो,
महिनोन्‌महिने पुरतो.
हिचं हातावर पोट.
पेट्रोलातून येईल तेच, तेवढंच,
आणि तेही जळून जायचं.

सिलिंडर पिशवीत घालून वागळे इस्टेटला गेलो.
डायसने बोअरमध्ये बोट फिरवलं,
कोण एवढं सुकं पळवतं रे, म्हणाला.
मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो.
पाव मिलीमीटर वाढवावं लागेल,
जखम पुसायची तर भोक मोठं करायचं, दुसरा उपाय नाही.
असं दोनदा चालतं. तिसऱ्यांदा स्लीव्हच बदल.
होनिंग झाल्यावर आत बारीक तिरपी वीण उमटली,
नव्या चटईसारखी. तेल धरून ठेवायला.

क्रँक प्रेसखाली उकलला, नवी बेअरिंग, नवे सील.
केस रॉकेलने चारदा धुतली,
पाचव्यांदाही एक चंदेरी कण निघाला.
सर्क्लिप बसवताना उडून आत जाऊ नये म्हणून
केसच्या तोंडावर माझ्या जुन्या बनियनचं फडकं.
ते हर्षालीने धरलं, एका हाताने,
श्वास रोखून, जणू आत कुणी झोपलंय.
रिंगांची तोंडं खुंटीवर. बाण एक्झॉस्टकडे.
सिलिंडर खाली सरकला तेव्हा
पिस्टनने हुं की चूं केलं नाही.

किक तिनेच मारली. हात मोडलाय, पाय नाही.
सातव्या किकला धरलं,
पावण्याच्या त्या केमिकलच्या वासात
आमचा वास मिसळला.
तीन मिनिटं चालवायचं, बंद करायचं,
फिन्सवर तळवा टेकेपर्यंत थांबायचं.
असं तीनदा.

दुसऱ्यांदा थांबलो होतो.
धातू आकसताना टिक टिक करत होता.
मी म्हटलं, हर्षाली, जेट नव्हता. माझं माप राहिलं.

ती साखळीकडे बघत होती.
"मना तवाच कललेलं, मामा.
दुसऱ्या फेरीला. धूर निला नव्हता.
कॅनला वासपन नव्हता."
मग का नाही थांबलीस?
"ऐरोलीचा पोऱ्या मागं व्हता."
जरा वेळाने : "लई मागं."

बाहेर रस्त्यावर एक टँकर रिव्हर्स घेत होता,
त्याचं पिप् पिप् बराच वेळ चाललं.
मी फिन्सवर हात ठेवून पाहिला. अजून चटका.

तिने कॅन ओढून घेतला,
झाकण दातांनी फिरवून उघडलं,
आधी स्वतः हुंगला,
मग माझ्या नाकापुढे धरला
आणि मी मान हलवेपर्यंत
खाली घेतला नाही.